राजन्यावरून न दिसणारा सूर्य

आई, तुला न आवडणारी गोष्ट आधीच सांगून टाकते. मी दर रविवारी दुपारी खेळते. या वयात, इथे परदेशात, फ्रिस्कोच्या घरात, जेवणाच्या टेबलावर फासे टाकून. मी, तुझी नात आणि शेजारचे नवरा-बायको मिळून अंतराळातली एक गोष्ट रचतो. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, आणि पात्र संकटातून सुटलं की नाही ते फाशांनी ठरवायचं. 'खेळ तो खेळ, शास्त्र ते शास्त्र' हे तू वर्गात आणि घरात सारख्याच आवाजात सांगायचीस. मी दोन्ही एकाच टेबलावर मांडलंय आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी तिसरीत आहे. तू ओट्याशी उभी राहून दहावीचे पेपर तपासतेयस, कान कुकरकडे, हातात लाल पेन. तुझ्या वाढदिवसासाठी मी चित्र आणलंय: चंद्रकोर आणि तिच्या कुशीत एक चांदणी. तू बघतेस आणि चांदणीवर फुली मारतेस. "तिथे चंद्राचा उरलेला भाग आहे. दिसत नाही म्हणून नाही असं नसतं." तुझं चुकलं नव्हतं. पण ते वाढदिवसाचं चित्र होतं, पेपर नव्हता. मी त्याची घडी घातली आणि पुन्हा चित्र काढलं नाही. तुला ते कधी कळलंही नाही, याचा मला अजून राग येतो.

तरी आमच्या खेळातला नियम माझाच आहे: माणसं खोटी चालतील, तारा खरा हवा. त्याचा रंग, वय, अंतर, सगळं खरं. नागपूरचा शेजारी त्याने वैतागतो. मध्यंतरी त्याने कृत्तिकेहून रोहिणीला एका दिवसात पोचणारं मालवाहू यान आणलं, का तर लहानपणी गच्चीवरून दोघी शेजारी दिसायच्या. मी म्हटलं, रोहिणी आपल्या बाजूला आहे, कृत्तिका तिच्या कितीतरी मागे, तुझ्या यानाला जन्म पुरणार नाही. "यार ताई, गेम खेळतोय आपण, पीएचडी नाही करत," तो म्हणाला. पण यान थांबवलं.

गेल्या रविवारी तुझ्या नातीने तिची वसाहत मांडली. स्वतः चित्र काढून. मृगाच्या चार पायांपैकी तो निळसर राजन्य तारा, त्याच्याभोवती ग्रह, ग्रहावर घनदाट जंगल, आणि संध्याकाळी अंगणात येऊन आपला सूर्य बघणारी माणसं. माझा हात आपोआप पेनाकडे गेला. असे तारे भडकून जळतात आणि लवकर संपतात. तिथे जंगल सोड, शेवाळ धरायलाही वेळ मिळायचा नाही. मी तसं बोलले मात्र, तिने कागद ओढून घेतला आणि घडी घालायला लागली. ती घडी मी ओळखली. मी विचारलं, तूच सांग, जंगल आलं कुठून?

"आई, दे डिडन्ट स्टार्ट देअर," ती कागदाकडे बघतच म्हणाली. "झाडं त्यांनी बरोबर नेली. दे मूव्ह्ड. लाइक यू."

तारा संपणार हे त्यांना ठाऊक आहे का, असं शेजाऱ्याने विचारलं. ठाऊक आहे, तरीही गेले, असं तिने सांगितलं. यावर मला शास्त्राचा एकही आक्षेप सापडला नाही. मी पेन खाली ठेवलं. उरला प्रश्न सूर्याचा. इतक्या लांबून आपला सूर्य नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, हे मी तिला सांगितलंच, तारा खरा म्हणजे खरा. मग त्यांनी बघायचं थांबवायचं का, असं ती विचारू लागली. मी म्हटलं, तुझी आजी म्हणायची, दिसत नाही म्हणून नाही असं नसतं. तेव्हा आता ती माणसं अंगणात येतात आणि जिथे सूर्य असायला हवा तिथे बघतात. तुझंच वाक्य मी तुझ्या फुलीविरुद्ध वापरलं, आई, आणि जिंकले. चित्र फ्रिजवर लावलंय. त्यावर लाल रेघ नाही, आणि मी असेपर्यंत येणारही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एवढं कबूल करते. त्या वसाहतीत मी घेतलेलं पात्र शाळेतल्या बाईंचं आहे. त्या फार कडक आहेत. रोज मुलांना अंगणात उभं करून आकाशातली ती रिकामी जागा बोटाने दाखवतात. शेजारीण म्हणते, बाईंचा आवाज तू फार छान काढतेस, शिकलीस कुठे? मी फासे तिच्या हातात दिले आणि म्हटलं, तुझी पाळी.