कमरेची कळलावी

तीर्थरूप आक्काच्या पायांशी वळगावाहून केसरीनाथचा नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे सगळं ठीक आहे. मी अजिबात घाबरलेलो नाही, हे कळवायलाच पत्र लिहितोय.

क्षितिजाला नववा लागला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. निजामपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाई सगळं उत्तम आहे म्हणतात. (त्या सगळ्यांनाच तसं म्हणतात, मी बाहेर बसून ऐकलंय.) म्हणून डोंगरपाड्यावरच्या बायडी सुईणीकडून कळलावीचं मूळ आणलं. ती म्हणाली, "काका, हिच्यानं कळा लागतात नं बाय लवकर सुटते, म्हणून कळलावी. तोंडात न्हाय घालायची, जहर हाय. कमरंला बांधायची, पोर झालं का लगेच सोडायची. न्हाय तर आतडी बी भाईर येतील."

आता असलं मूळ ठेवायचं कुठे? कपाटात ठेवलं तर घरात भांडणं लागतात (आपली आई म्हणायची), जमिनीला टेकवायचं नाही, आणि क्षितिजाच्या हाती लागलं तर ती मलाच घराबाहेर काढील. म्हणून मी ते माझ्याच करगोट्याला बांधलं. दुपारी गोडाऊनवर ट्रक लागला होता, तिथे पोटात पहिली कळ आली. मग दुसरी. सोडायला गेलो तर गाठ घामाने आवळलेली. आक्का, साठी उलटलेला बाप्या मी, पण खोटं कशाला बोलू, आतडी धरून खाली बसलो आणि तुझ्या नावाने हाका मारल्या. हमाल ओरडले, "सेठ को अटॅक आया!" जावई देवेशला दुसरं काही सुचेना, त्याने रिक्षात घालून नेलं ते थेट क्षितिजाच्याच डॉक्टरीणबाईंकडे. रांगेतल्या पोटुशा बायांनी उठून मला जागा दिली. बाईंनी कात्रीने करगोटा कापला, मूळ काढून घेतलं आणि गॅसची गोळी दिली. (सकाळी वालाचं बिरडं जरा जास्त झालं होतं.)

तुझा धाकटा,
केसरीनाथ

ता. क. बायडी दुसरं मूळ द्यायला तयार नाही. म्हणते, भित्र्या मानसाच्या हाती न्हाय देत.

आणखी ता. क. मूळ राहू दे, तूच ये. घरात बाईमाणूस नाही आणि मला फार भीती वाटते. क्षितिजा हसते, म्हणते, "बाबा, काही होत नाही, तुम्ही जेवून घ्या." हिच्या वेळी आत जाताना हिची आईही हसून हेच म्हणाली होती. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.