पत्रिका घरीच छापणार

१८ ऑक्टोबर
आमच्या मुलीचं, रीहामचं लग्न ठरलं. २१ नोव्हेंबर, शुक्रवार, रात्री आठ, समुद्राकाठचा हॉल. मुलगा मुअताझ चांगला आहे. त्याचे वडील फिक्री इंजिनिअर आहेत. खरेखुरे, कालवेखात्यातले. त्यांच्या गावी, दमनहूरला, सगळे त्यांना 'बाशमुहंदिस' म्हणतात, म्हणजे मोठे इंजिनिअरसाहेब. मला ते सगळ्यांसमोर 'उस्ताज वगदी' म्हणाले. उस्ताज म्हणजे मास्तर. मी मास्तर नाही, पाण्याच्या बिलखात्यात उभी हयात काढली आहे. हे सांगणार होतो, तेवढ्यात सरबत आलं.

१९ ऑक्टोबर
झोप नाही. पण निर्णय झाला. पत्रिका घरीच छापणार. माझ्या लॅपटॉपवर, आणि तेही लिनक्सवर. लिनक्स फुकट मिळतं आणि ते वापरणाऱ्याला लोक आपोआप इंजिनिअर समजतात. व्याह्यांच्या हातात पत्रिका ठेवताना सहज म्हणायचं, काही विशेष नाही, घरच्या घरी केलंय. मग बघू कसे 'उस्ताज' म्हणतात ते.
इनासचं म्हणणं, खाली गल्लीतच छापखाना आहे. माझ्या बायकोला दूरदृष्टी नाही.

२२ ऑक्टोबर, सकाळ
लिनक्स टाकलं. स्वतः. मध्येच विचारलं, डिस्क पूर्ण पुसायची का? मी स्वच्छतेचा भोक्ता. हो म्हटलं.

दुपार
डिस्कवर इनासचे शिवणकामाचे व्हिडिओ होते. सगळे. योग्य वेळी तिला सांगेन. योग्य वेळ लग्नानंतर येईल असं वाटतं.

संध्याकाळ
आमच्या बिल्डिंगचे वॉचमन गाबरकाका भेटले. त्यांना लिनक्सबद्दल थोडक्यात सांगितलं. ते खुर्चीवरून उठले (त्यांना फाटक लावायचं होतं) आणि म्हणाले, वा, बाशमुहंदिस. जिना चढताना अगदी हलकं वाटलं. इनास म्हणते, गाबरकाका नळवाल्यालाही बाशमुहंदिसच म्हणतात. तिला माणसांची पारख नाही.

२३ ऑक्टोबर
वायफाय चालत नाही. ड्रायव्हर नाही म्हणे. आमच्याकडे ड्रायव्हरला 'तारीफ' म्हणतात. तारीफ म्हणजे ओळख. एका यंत्राची दुसऱ्याशी ओळख करून द्यायची, की झालं. (कौतुक वेगळं. ते नंतर होईलच.)
वायफायची तारीफ इंटरनेटवरून उतरवून घ्यायची असते. इंटरनेट वायफायवरून येतं. किरकोळ अडचण आहे.

२५ ऑक्टोबर
कीबोर्ड बिघडला. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करतो तर काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. नवा कीबोर्ड आणला. तोही खराब. दुकानदाराशी भांडून तिसरा आणला. रीहाम जाता जाता म्हणाली, बाबा, तिथे पासवर्ड दिसत नसतोच, लिहायचा आणि एंटर दाबायचं.
मला माहीत होतं. मी कीबोर्ड तपासत होतो.

२७ ऑक्टोबर
फोनची केबल लॅपटॉपला लावून नेट घेतलं. ही युक्ती माझी. रीहामने फक्त सुचवली.
एका अरबी फोरमवर वायफायची कमांड सापडली. नीट टाइप केली, आपण अरबी लिहितो तशी, उजवीकडून डावीकडे. म्हणजे शेवटचं अक्षर आधी. मशीन म्हणतं, अशी कमांडच नाही. पुन्हा केली. पुन्हा तेच. कमांड देणाऱ्याला फोरमवर चांगला खडसावला. त्याचं उत्तर आलं, काका, कमांड डावीकडून वाचायची असते.
हे त्याने आधी लिहायला नको?

२९ ऑक्टोबर
वायफाय सुरू! त्याच जोरात ग्राफिक्सची तारीफही टाकून घेतली. तिची गरज नव्हती, पण समोर दिसली.
स्क्रीन काळी झाली. काळी म्हणजे काळीकुट्ट.
लिनक्स पहिल्यापासून टाकलं. डिस्क पुन्हा पुसली. आता हात बसलाय.

१ नोव्हेंबर
आज प्रिंटर. लॅपटॉप त्याला ओळखच देत नाही. दोघं एकाच टेबलावर, मध्ये हातभर केबल, आणि साखरपुड्यात दोन्हीकडच्या बायका बसल्या होत्या तसे बसलेत. इनास म्हणाली, चहा देऊन बघ.
विनोद करण्याची ही वेळ नाही. त्या मॉडेलची तारीफ मिळेना म्हणून त्याच्या चुलतभावाची टाकली. प्रिंटरने कागदावर एक अगम्य ओळ छापली, मग कोरे कागद काढत सुटला. ट्रे रिकामा झाल्यावरच थांबला. पण हलला तर खरा.

३ नोव्हेंबर
व्याह्यांचा फोन. पत्रिका कधी मिळतील? त्यांच्या वहीबाआत्या गावात घरोघर वाटणार आहेत. म्हातारीचा शब्द गावात कुणी मोडत नाही, ती म्हणेल तेव्हा दोन मायक्रोबस भरून माणसं येतील. ती नाही आली तर मुलाकडची अर्धी बाजू रिकामी राहील, आणि आल्या दिवसापासून रीहामला सासरी त्यावरून ऐकून घ्यावं लागेल.
म्हटलं, तांत्रिक कामं शेवटच्या टप्प्यात आहेत. त्यांनी विचारलं, छापखान्यात देऊन टाकायच्या का? म्हटलं, नको, आम्हा इंजिनिअर मंडळींना स्वतः केल्याशिवाय चैन पडत नाही. मग म्हणाले, बरं, उस्ताज वगदी.
जखमेवर मीठ.

४ नोव्हेंबर
पत्रिका छापून आली! सोनेरी कागदावर! फक्त अक्षरं सुटी आहेत, आणि उलटी. आमची अक्षरं एकमेकांचा हात धरून उजवीकडून चालत येतात. या सॉफ्टवेअरने सगळ्यांचे हात सोडवले आणि डावीकडून रांगेत उभं केलं. रीहामचं 'माहीर' झालं. इनास म्हणाली, चला, घरात एक तरी माहीर निघालं.
रीहाम नुसती पत्रिकेकडे बघत राहिली. त्या बघण्याने मला वाईट वाटलं. म्हणून उद्याच्या उद्या काम पुरं करायचं ठरवलं आहे.

५ नोव्हेंबर
सापडलं! साधी गोष्ट आहे. यंत्र उलटं छापतं ना? मग आपणच आधी उलटं लिहायचं. उलट्याचं उलटं म्हणजे सरळ. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?
प्रत्येक ओळ शेवटाकडून लिहून काढली. हात धरलेली अक्षरं चिन्हांच्या तक्त्यातून एकेक उचलून बसवली. नावं, आकडे, स्वल्पविराम, काहीही सोडलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त. एक 'शुक्रवार' तेवढा जुळेना, त्यातलं एक अक्षर शेजाऱ्याचा हात धरायलाच तयार नाही. वार काढून टाकला. तारीख असताना वार कशाला?

६ नोव्हेंबर
छापल्या. रीहामचं नाव इतकं सुंदर आलंय की डोळे भरून आले. ती म्हणाली, बाबा, एकदा नजर घालू दे. म्हटलं, पोरी, प्रत्येक अक्षर मी हाताने बसवलंय, नजर कसली घालतेस.
पाकिटात भरून, चिकटवून, दमनहूरच्या मायक्रोबसच्या ड्रायव्हरबरोबर थेट वहीबाआत्यांकडे पाठवल्या. हा ड्रायव्हर मात्र पहिल्या फटक्यात सापडला. इथल्या लोकांच्या पत्रिका राहिल्या. शाई संपली.

८ नोव्हेंबर
पत्रिकेच्या तळाशी 'काही शंका असल्यास' म्हणून माझा फोन नंबर दिला आहे. गावातून एकाचाही फोन नाही. याचा अर्थ पत्रिकेत शंकेला जागाच नाही. छापखान्याच्या पत्रिका असत्या तर फोन घणघणत राहिला असता.

१० नोव्हेंबर
वहीबाआत्यांना पत्रिका फार आवडल्या, असं व्याह्यांनी फोन करून कळवलं. सोनेरी कागदाचं विशेष कौतुक झालं म्हणे. शेवटी म्हणाले, छान केलंत, उस्ताज वगदी.
अजून उस्ताजच. पण आवाज मऊ होता.

१२ नोव्हेंबर
विशेष काही नाही. अपडेट टाकल्यावर लॅपटॉपने प्रिंटरची ओळख पुन्हा सोडली. गाबरकाका दोनदा बाशमुहंदिस म्हणाले. इनासने मोलोखियाची पातळ भाजी केली होती. शांत दिवस. असे दिवस लग्नघरात क्वचितच मिळतात.

१३ नोव्हेंबर, सकाळ
व्याह्यांचा फोन. आवाज फारच शांत. म्हणाले, काल आमच्या वहीबाआत्या दोन मायक्रोबस भरून माणसं घेऊन तुमच्या रीहामच्या लग्नाला जाऊन आल्या. मी म्हटलं, लग्न तर एकवीसला आहे. ते म्हणाले, तुमच्या पत्रिकेत बारा तारीख आहे.
मी पत्रिका काढून पाहिली. बारा. खाली माझा फोन नंबरही शेवटाकडून सुरू होत होता.
मग त्यांनी सविस्तर सांगितलं. हॉलमध्ये दिवे होते, बँड होता, नवरानवरी होती. लग्नाच्या दारात आमच्याकडे कोण कुणाला विचारतं, तुम्ही कुणाकडचे? गावची माणसं बसली, जेवली, नाचली. लग्नात बायका आनंदाने जिभेने काढतात ती लुलुलु, तीही सगळ्यात खणखणीत वहीबाआत्यांचीच. नवरी जराशी वेगळी दिसली, पण हल्ली मेकअप फार असतो, असं आत्यांचं मत पडलं. मुअताझही ओळखू आला नाही. तो बारीक झालाय, असं ठरलं. आत्यांनी स्वतःची सोन्याची बांगडी नवरीच्या हातात घातली आणि घरी आल्यावर फिक्रींना फोन करून चांगलंच सुनावलं, पोटच्या पोराच्या लग्नात तू कुठे होतास?
इथवर सांगून ते थांबले. मग म्हणाले, "आता मला एवढंच सांगा, बाशमुहंदिस, ती नवरी कोण होती?"
म्हणाले. अखेर म्हणाले.
दुपार
रीहाम म्हणते, बाबा, अक्षरं आपण उजवीकडून वाचतो, पण आकडे तर डावीकडूनच वाचतो ना, एकवीस उलटे केलेत तर बाराच होणार. हे सांगताना ती हसत होती. मग हसता हसता रडायला लागली. म्हणाली, आता आत्या येणार नाहीत, लग्नाला काय कुणी दोनदा येतं? माझंच चुकलं. हे इथेच लिहितो, घरात बोलण्याची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे.
इनास लॅपटॉपवर आपले शिवणकामाचे व्हिडिओ शोधत होती. तेही आजच.

१४ नोव्हेंबर
हॉलवाल्याकडून त्या दुसऱ्या नवरीचा पत्ता मिळवला. व्याही आणि मी बांगडी आणायला गेलो. नवरीचे वडील भला माणूस. म्हणाले, त्या आजींनी इतकी लुलुलु केली की आम्हाला वाटलं मुलाकडच्या, आणि मुलाकडच्यांना वाटलं आमच्याकडच्या. बांगडी परत दिली, वर रव्याचा गोड बासबूसा खायला लावला. व्याह्यांनी माझी ओळख करून दिली, "हे बाशमुहंदिस वगदी. पत्रिका यांनीच छापल्या."
नवरीचे वडील माझ्याकडे बराच वेळ बघत होते. तारीफ झाली ती अशी.
येताना इनासचा निरोप आला. नव्या पत्रिका गल्लीतल्या छापखान्यात दिल्या. संध्याकाळी मिळाल्याही. वारासकट.

१६ नोव्हेंबर
रीहामने स्वतः वहीबाआत्यांना फोन केला. काय बोलली ते सांगत नाही. खूप वेळ बोलत होती.
लॅपटॉप कपाटात ठेवला. तीन कीबोर्डसुद्धा. विश्रांती आवश्यक आहे.

२२ नोव्हेंबर
लग्न काल झालं. दोन्ही मायक्रोबस आल्या. वहीबाआत्या पहिल्या रांगेत बसून भेटेल त्याला सांगत होत्या की आधीच्या लग्नातलं जेवण जास्त चांगलं होतं. बांगडी या वेळी योग्य हातात गेली. रीहाम स्टेजवर मला मिठी मारून म्हणाली, बाबा, कपाट उघडू नका. मी शब्द दिला.
नंतर व्याही आणि मी हॉलच्या दाराशी पाहुण्यांच्या स्वागताला उभे होतो. पाठीमागून हॉलचा मॅनेजर मोठ्याने ओरडला, बाशमुहंदिस, लवकर इकडे या. मी कोट सारखा करून लगबगीने वळलो. तो माइकवाल्याला बोलावत होता. माझ्या शेजारी व्याही उभे होते. तेही वळलेलेच होते.