तुझ्या अंगात कुणी येत नव्हतं

आये, तुझ्या अंगात कधीच कुणी येत नव्हतं, हे आपल्या अख्ख्या चाळीत तुला आणि मला, दोघींनाच ठाऊक होतं. गिरणीतून घरी यायला बाबांना जरा उशीर झाला, की ते आपल्याला टाकून गेले अशी तुझी खात्रीच व्हायची. ते दारात दिसले की ताटं उडायची. एकदा भोईवाड्याच्या त्या गॅलरीत तू केस सोडून थरथरत उभी होतीस आणि शेजारच्या काकूंनी देवी आली समजून तुझा मळवट भरला, ओटी भरली. तेव्हापासून तसंच ठरून गेलं. तुझा आवाज चढला की बायका नारळ घेऊन हजर. एका संध्याकाळी कपाळावरचं कुंकू पदराने पुसत तू मला म्हणालीस, "आंगात कोण येणा नाय गो बाय. ती मीच असतंय." मी मोरीत भांडी घासत होते. तीच घासत राहिले.

माझा आवाज चढला तेव्हा लोकांनी हातात माइक दिला. परळ-लालबागच्या सभांतून मी अन्यायावर तुटून पडते, आणि त्यातला शब्दन् शब्द आजही खरा मानते. पण घरी आल्यावर लेकीचा फोन लागला नाही, की ती मला सोडून गेली असंच वाटायचं, आणि ती आली की कुकरचं झाकण भिंतीवर आदळायचं. एकदा ती मैत्रिणीला फोनवर हळूच सांगत होती ते ऐकलं, "आई चालू झालीय. आज तुझ्याकडेच झोपते." ती खरोखरच निघाली होती, आणि तिला घालवत मीच होते. तेव्हा कुठे हॉस्पिटलची पायरी चढले.

डॉक्टरबाईंना मी आधी समाजव्यवस्थेवर भाषण दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "टाळ्या संपल्यावर घरी काय होतं?" पुढे बऱ्याच भेटींनंतर त्यांनी नाव सांगितलं: व्यक्तिमत्त्व विकार. देवी नाही, भूत नाही, बाईचा वाईट स्वभावही नाही. यावर अशी एखादी गोळी नाही. दर आठवड्याला बसून बोलायचं आणि घरी सराव करायचा. डोकं तापलं की तोंडावर गार पाणी मारायचं, मग स्वतःला विचारायचं, घडलंय काय आणि मी धरून चाललेय काय. हसशील तू. मीही हसले होते. पण हळूहळू ते कामी येतंय.

परवा लेक उशिरा आली. मी तोंड धुऊन बाहेर आले आणि म्हटलं, मला भीती वाटली. ती चप्पल न काढता दारातच थांबली, तिने मला नीट निरखून घेतलं. "मग असं सांगायचं ना आधीपासून. वाढ आता, भूक लागलीय." तिने आमटी पुन्हा मागून घेतली आणि मी ओट्याला टेकून बघत राहिले. इतकं हलकं मला कुठल्याही सभेनंतर वाटलेलं नाही. भाषणाची धार जाईल असं वाटत होतं, तीही गेली नाही. आये, तुला कसली भीती वाटते एवढं कुणी विचारलं असतं, तर तूही सांगितलं असतंस.

हे पत्र डॉक्टरबाईंनीच लिहायला सांगितलं. तू तर कधीची गेलीस, तेव्हा ते त्यांनाच वाचून दाखवायचं आहे. पण यापुढे पंधरवड्यातून एकदा भेटलं तरी चालेल, असं त्या म्हणाल्या आणि मला वाटलं, ह्याही मला सोडून चालल्या. म्हणून पत्र अजून लिहून झालं नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.