चार इंची भिंत

वरची वाडी, ता. पोलादपूर
४ मार्च २००१

सौ. चंद्राबाईस,

मी बरा आहे. म्हैस दूध देते आहे. दिशाला आणि तिच्या बाळाला आशीर्वाद. सव्वा महिना झाल्यावरही तू मुंबईला लेकीकडेच राहणार, असं दिशाने कळवलं. त्याबद्दल खाली लिहितो.

चुलीलगतची भिंत पाडली. गवंडी बोलावला नाही. चार इंचाची, मीच उभी केलेली, म्हणून मीच उतरवायला घेतली. वरच्या थरापासून एकेक वीट. दोन थर निघाले आणि तुळई करकरली. मी शिडीवरून उतरलो आणि शेजारच्या सोनबाला हाक मारली.

त्याने वर बघितलं. "सा वर्सांत तुळई भितीवर बसलीय. टेकू नाय दिलास? घर डोक्यावर घेशील रे."

ऐनाचा खांब आणून दोघांनी टेकू दिला.

"बांधलीस कशाला नि पाडतोस कशाला?"

"उजेड येत नव्हता."

"वयनी गेल्यावर काळोख दिसला व्हय," त्याची रखमा दारातून म्हणाली. मी छिन्नीला धार लावत बसलो.

का बांधली, हे तुला कधी सांगितलं नाही. मुंबईला गावकीच्या खोलीत आम्ही बावीस जण. प्रत्येकाला एक खुंटी, एक ट्रंक आणि वळकटीपुरती जमीन, तीही पाळीप्रमाणे. तीस वर्षं. गिरणी बंद झाली तेव्हा डोक्यात एकच होतं, आतून कडी लावता येईल अशी खोली. आलो आणि महिन्याभरात बांधली. तू विटा भिजवून दिल्यास. मग ताटही आत आणून देऊ लागलीस. तीस वर्षं या घरात तू एकटी होतीस, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

एकदाच बोललीस. "तुमी मुंबयला होतात तवा पत्र तरी येयाचा." मी हसलो होतो.

काल शेवटचे थर काढले. तुझ्या बाजूच्या गिलाव्यावर तेलाचा डाग होता. बसल्यावर डोकं टेकतं तेवढ्या उंचीवर. वीतभर रुंद, काळा झालेला. माझ्या बाजूला नेमकी तिथेच माझी उशी. तो तुकडा फोडायला वेळ लागला. सोनबा म्हणाला, दमलास. मी हो म्हटलं.

आता चुलीपासून अंगणातली चिंच दिसते. अख्ख्या विटा परसात रचल्या आहेत. तुझ्या बरण्या झाकायच्या राहून गेल्या, मिठात धूळ गेली. नवीन आणलं. टेकूचा खांब मधोमध आहे, येता-जाता खांदा आपटतो. पावसाआधी तुळई बदलली की निघेल. माझी खाट पडवीत काढली. झोप चांगली लागते.

राहण्याबद्दल. बाळाला तुझी गरज आहे, ते कळतं. मलाही आहे. हे मी आजवर लिहिलं नव्हतं. दिशा, आईला वाचून दाखवताना इथे थांबू नकोस, वाचत राहा.

कधी येणार, असं तू तीस वर्षांत एकाही पत्रात विचारलं नाहीस. मीही विचारत नाही. संध्याकाळची गाडी फाट्यावर थांबते तेव्हा मी तिथे असतो, एवढंच कळवतो.

तुझा,
महिपत