मधला फोक

सेलू,
सोमवार, १२ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप दादास,

बन्सीधरचा नमस्कार. मायना शाळेत शिकवला तसा लिहिला, पुढं आपलं तू म्हणूनच लिहितो. आमी सगळे ठीक हाव. तुझी तब्येत सुधरायलीय असं तुझा परमेश्वर फोनवर सांगतो. पोरगा लय करायलाय तुझं. आज गोळी घेतली का? घेतली नसंल तर आधी घे, मग पुढं वाच.

पाऊस बरा हाय. रोज संध्याकाळी गावाकडून येऊन तुझ्या घरी दिवा लावतो. गच्चीवर पाणी तुंबत होतं, ते काढलं. भिंतीवर तारांना पसरवलेल्या तुझ्या जांबाला (पुण्यात पेरू म्हणतात म्हणं) खालच्या दोन्ही थरांना फळं धरलीत. डावी फांदी वजनानं लवली, तिला सुतळीची आणखी एक गाठ मारली.

फोन का करत न्हाई म्हणून चिडला असशील. परमेश्वर फोन स्पीकरवर टाकतो. सगळ्यांसमोर मला हे बोलणं होईना.

अकरा वर्षांमागं त्याच भिंतीपुढं पाव्हण्यांच्या देखत मी म्हणालो होतो, "दादा झाडाला वळण लावायलाय, पोराला लावता आलं न्हाई." परमेश्वर तवा कामधंदा सोडून हिंडत होता. सगळे हसले, तू हसला न्हाईस. मग आपण एकमेकांचं तोंड बघितलं न्हाई. अन् जूनमधी काळजाच्या ऑपरेशनला पुण्याला निघालास, तवा परमेश्वरनं बोलावलं म्हणून मी आलो, अन् तू गाडीत चढता चढता घर माझ्यावर सोपवलंस. म्हणालास, "झाडाला पाणी घाल. कात्री लावू नको."

दादा, मी कात्री लावली.

चाळीस वर्षं मोसंबीत गेली माझी. बुंध्यातून सरळ वर गेलेला हिरवागार फोक दिसला की तो पानसोट. फळ देत न्हाई, नुसतं झाडाचं खातो. दिसला की उडवायचा. हात डोक्याला विचारतच न्हाई. तुझ्या जांबाच्या मधोमध असाच एक उभा होता, बोटाएवढा जाड. बुडातून घेतला. झाक काम केलं म्हणून तंबाखू मळत बसलो. मग वर नजर गेली. तिसरी तार रिकामी, अन् भिंतीवर पेन्सिलीनं तुझं अक्षर: 'इथवर आला की शेंडा खुडणे. तिसरा थर.' तिसऱ्या थरासाठी तू राखलेला तो फोक तारेला वीतभरच कमी होता. आधीचा तिसरा थर गारपिटीत मोडला तवा तू दोन दिवस जेवला न्हाईस, हे शेजारच्या राजेश्रीबाईंनी मला मागून सांगितलं.

पुढचं लिहायला लाज वाटती. तो तोडलेला फोक मी उचलला अन् होता तिथंच सुतळीनं बांधून टाकला. त्याच संध्याकाळी परमेश्वरनं फोटो मागितला, पाठवला. तू म्हणालास म्हणं, मधला जोमात हाय, अन् ऑपरेशननंतर पहिल्यांदा पोटभर जेवलास. तिसऱ्या दिवशी पानं करपली. तवापासून मी खालच्या थरांचेच फोटो पाठवतो. कधी उजेड न्हाई म्हणतो, कधी रेंज न्हाई. भाकर गोड लागत न्हाई. आमची सरजाबाई म्हणती, "सांगून टाका एकदाचं, न्हाईतर तुमचंबी काळीज फाडावं लागंल."

तुला वाटंल मुद्दाम केलं. तुझ्या जागी मी असतो तर मलाबी तेच वाटलं असतं. मुद्दाम न्हाई केलं, आईची शप्पत. या झाडाला अन् तुझ्या लेकराला हसलो ते चुकलं, असं पाणी घालताना रोज मनात म्हणतो. तुझ्या तोंडावर कधी म्हणालो न्हाई.

बुडातून परत फुटंल का, ते सांगता येईना. मोसंबी असती तर सांगितलं असतं. हे झाड मला कळत न्हाई, तुलाच कळतं. वाळका फोक तसाच बांधलेला हाय. तू बघितल्याबगर आता कशालाच हात लावायचा न्हाई.

पोळ्याच्या आत तुला आणतो असं परमेश्वर म्हणाला. हे पत्र वाचून छातीत काही वाटलं तर लगेच त्याला सांग, मनात ठेवू नको. अन् जमलं तर मला दोन ओळी टाक. तू येशील त्या दिवशी मी दारात उभा राहू, का गावाकडंच थांबू? जे म्हणशील ते करीन. अकरा वर्षं थांबलो ते माझ्या ताठ्यापायी. आता थांबायचं झालं तर तुझ्या सांगण्यावरून थांबीन.

तुझा, अजून म्हणवत असंल तर, धाकटा भाऊ
बन्सी