कोएनोबियमचं कार्ड

३ फेब्रु.
…आणि तिसरं खोकं उघडलं तर अक्षर माझं नाही. सगळी कार्डं नवीकोरी, एका उंचीची. सरांच्या कोशाची कार्डं ही. मठ, आश्रम, धार्मिक निवास यांचे लॅटिन शब्द, खाली मराठी. जुनी मी अकरा वर्षं दर रविवारी राऊहून बसनं शहरात येऊन लिहिली. ज्याला मराठी शब्द सापडला त्याचं आद्याक्षर उजव्या कोपऱ्यात, ही आमची रीत. आता सगळीकडे ‘मृ.’
“सर, हे?”
“जुनी फाटायला आली होती रे. मृणालनं उतरवून दिली. अक्षर बघ, क्या बात है!”
बघितलं.
मृणाल पुण्याहून इथे नोकरीला येऊन चार महिने झाले.

५ फेब्रु.
मृ. लॅटिन ‘क्लाउस्त्रुम’ उच्चारते तेव्हा सर डोळे मिटतात. ती दोन वर्षं जर्मनीत शिकली. मी महूला आजोबांच्या पलटणीतल्या ट्रंकेवर बसून, पुस्तकातून. माझं लॅटिन कुणी डोळे मिटून ऐकलेलं नाही.
आज चहा सरांनी स्वतः केला. तिच्यासाठी बिनसाखरेचा वेगळा. मला अकरा वर्षांत एकदाही नाही. मीच करायचो.
सर, इकडच्या बोलीत: “मोनास्टेरियम म्हणजे मुळात एकट्याचं घर. आणि राहायचे चाळीस जण! आपल्या कॉलनीसारखंच भिया.”
ती हसली. हा विनोद मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिची दहावीही झाली नसेल.
निघताना जिन्यात तिनं विचारलं, “अनिलजी, कोपऱ्यातलं अक्षर कार्ड लिहिणाऱ्याचंच ना? जर्मनीत आमच्याकडे तसं असायचं.”
म्हणालो, “हो.”
का म्हणालो?

८ फेब्रु.
कोएनोबियम. एकत्र राहणाऱ्या व्रतस्थांचं निवासस्थान. संघाराम.
हा शब्द मी दिला होता. ‘मठ’ सरांना पटेना, दोन वर्षं अडलं होतं. एका रविवारी बाबांच्या बुद्धवंदनेनंतर हा बौद्ध विहाराचा शब्द सुचला, तसाच बसमध्ये बसून आलो. सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. “बस, हाच.”
कोपऱ्यात मृ.
ती स्वयंपाकघरात, सर फोनवर. कार्ड खिशात घातलं. ठरवून नव्हे. पण परतही ठेवलं नाही.

११ फेब्रु.
सरांचा फोन, सकाळीच.
“भिया, कोएनोबियम कुठे गेलं? परवापरवा माझ्या हातात होतं.”
“असेल सर, खोक्यातच.”
“हातात होतं ना? की नव्हतं?”
मनात आलं, मृ.वर येईल. हरवलं तर उतरवणारीनंच ना. बरं वाटलं. लिहून ठेवतो, बरं वाटलं.

१३ फेब्रु.
मृ.वर आलं नाही. सर तिला एका शब्दानं बोलले नाहीत. स्वतःला बोलतायत.
तिनं सांगितलं: कपाट, गादीखाली, काल तर फ्रिजमध्येही बघितलं. काकू, सरांच्या पत्नी, गेल्या तेव्हाही सर असे दिसले नव्हते, असं शेजारचे म्हणाले तिला. तिला. शेजारीसुद्धा आता तिलाच सांगतात.

१४ फेब्रु.
गेलो. कार्ड बरोबर नेलं होतं. खोक्यामागे टाकायचं, मग ‘हे बघा सर’ म्हणायचं. पण मृ. खोक्यासमोरच बसून एकेक कार्ड पुन्हा लावत होती.
सर खुर्चीत. आवाज बारीक.
“आता मराठी शब्दही आठवत नाहीये रे. काय होता?”
माझा हात खिशाकडे गेला.
“तुझा होता, एवढं पक्कं आठवतं.”
मृ.नं वर बघितलं. “अनिलजींचा? मग कोपऱ्यात…” आणि हातातलं कार्ड उलटसुलट करत राहिली.
संघाराम. एवढंच म्हणायचं होतं. चार अक्षरं. म्हणालो, “घरी बघून सांगतो, सर.”
जिन्यात मृ. म्हणाली, “उद्याची अपॉइंटमेंट घेतलीय, न्यूरोवाल्यांची. तुम्ही गाडी आणाल? तुम्ही असलात की ते ऐकतात.”
हेच ऐकायचं होतं चार महिने.

१५ फेब्रु.
सकाळी साडेनऊला सरांना घेऊन गेलो. गाडी मी चालवली. मृ. मागे त्यांच्याजवळ. कार्ड शर्टच्या खिशात होतं. डॉक्टरांनी आत त्यांना एकट्यालाच बोलावलं. दार लागलं तरी कार्ड मी बाहेर काढलं नव्हतं.