खांद्याने वळणारी गाडी

५ ऑक्टोबर २००५
जळाली! कॉलेजच्या लॅबमधल्या यंत्रमानवाच्या हाताची मोटर गेली. नवी यायला महिना. आणि तपासणी समिती चौदाला! यंत्रमानव चालताना दिसला नाही तर विषय बंद — माझा करारही. बायकोला, सरिताला, सांगितलेलं नाही. तिने नवी खोली बघून ठेवलीये!

७ ऑक्टोबर
हात गेला, पण तो हलवायची पेटी तरी धड आहे का? जुन्या जॉयस्टिकची वायर कापून पेटी कॉम्प्युटरला जोडली. पोरांनी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ टाकून ठेवलाय, तो लावला. पेटीला तीन दांडे — खांदा, कोपर, मूठ. खांदा हलवला — गाडी वळली! कोपर वाकवलं — पळाली! मूठ आवळली की ब्रेक. दोन तास खेळलो. लाज वाटली. मग अजून एक तास खेळलो.

८ ऑक्टोबर
स्टोअरवाले उत्तमराव डोकावले. "काय करून राहिले, सर?" बसवलं. आता उठत नाहीत!

११ ऑक्टोबर
खंडेनवमी. वर्कशॉपमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा. शिपाई द्वारकाबाईंनी माझी पेटीही पुजली — ओलं कुंकू थेट खांद्याच्या खाचेत, वर नारळाचं पाणी! गाडी आता सारखी डावीकडे ओढते. मी ओरडलो तर म्हणतात, "काहून वरडून राहिले? पूजेनं कुटं काई बिघडतं व्हय?"

१४ ऑक्टोबर
समिती आली. अध्यक्षांनी विचारलं, "चालतंय ना?" खोटं बोललो नाही. नुसती पेटी पुढे सरकवली. साहेब बसले ते बसलेच! जेवण गार झालं तरी "थांबा, अजून एक डाव". मागून उत्तमराव — "सायेब, डावीकडं वढते ती! खांदा धरून ठिवा, खांदा!" हाताबद्दल कुणी विचारलंच नाही. जाताना माझ्याबद्दल शेरा लिहिला: "श्री. धम्मानंद यांनी गाडी उत्तम चालवून दाखवली. मुदतवाढ द्यावी. गाडी डावीकडे ओढते, दुरुस्ती करावी."

वाचलो! घरी येऊन सरिताला सगळं सांगून टाकलं. आधी रागावली, मग हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

२५ ऑक्टोबर
आदेश आला. अकरा महिने मुदतवाढ! पद — वाहनचालक. उद्या सकाळी प्राचार्यांच्या घरच्यांना जीपने औंढा नागनाथला न्यायचंय.

मला फक्त सायकल येते.